स्वप्नालीचा पायगुण

चाकूरच्या शिवलिंगअप्पांना समाधी देऊन आठवडाही झाला नव्हता, तोच त्यांच्या धाकट्या भावानं, चन्नबसप्पानं, बैठकीत निकाल देऊन टाकला. उदगीरच्या मोंढ्यात अडत चालवणारा माणूस. त्याच्यापुढं तोंड उघडायची कुणाची छाती?

"वहिनी, सरळ गोष्ट हाय. सून घरात आली अन् महिन्याच्या आत माझा दादा गेला. पांढऱ्या पायाची हाय पोर. तिला जळकोटला माहेरी धाडा, कायमची."

मल्लिनाथ, त्या पोरीचा नवरा, मान खाली घालून पुटपुटला, "काका, कावळा बसायला अन् फांदी मोडायला..."

"तू गप रे!"

आणि हा पठ्ठ्या खरंच गप्प बसला. स्वप्नाली दाराआड उभी होती. अंगावरची हळद अजून पुरती उतरली नव्हती बिचारीच्या.

गंगम्मानं सुनेकडं पाहिलं. खरं सांगायचं तर तिला दिराचं बोलणं गोड लागत होतं. उभा जन्म ज्याच्यासंगं काढला तो माणूस गेला, आणि निदान शिव्याशाप द्यायला तरी कुणी सापडलं होतं. नुसतं 'हाव, खरं हाय' म्हटलं की झालं. ती म्हणणारच होती, तेवढ्यात तिला लग्नाची ती घाई आठवली.

"भावजी," ती म्हणाली, "लगीन दिवाळीनंतर ठरलं हुतं. अलीकडं कुणी वढलं?"

"म्याच. लातूरच्या डॉक्टरनं हात टेकले हुते. म्हनलं, दादाच्या डोळ्यांदेखत अक्षता पडाव्यात."

"मंग? ही आली म्हून ते गेले न्हाईत. ते चालले हुते म्हून आपण हिला घाईघाईनं आणली. तुम्ही उलटं का सांगून राहिलात?"

एवढा मोठा माणूस, पण चन्नबसप्पा लेकरासारखा रडू लागला. "मंग माझ्या दादाला खाल्लं कुणी, वहिनी?"

"कुणीच न्हाई, भावजी. दुखण्यानं गेले."

बोलून गेली खरी, पण ते स्वतःच्याच कानांनी ऐकल्यावर गंगम्माचा बांध फुटला. इतके दिवस डोळ्यांत टिपूस नव्हता, आता हंबरडा आवरेना. राग काढायला कुणीच उरलं नव्हतं. तिचा माणूस गेला होता, एवढंच उरलं होतं.

स्वप्नाली भीत भीत येऊन शेजारी टेकली. गंगम्मानं तिचा हात धरला आणि रडत राहिली.