अर्धा फेरा

साल एकोणीसशे त्र्याण्णव. इस्पितळाच्या धुलाईघरात आम्ही बायका हातातल्या चादरी तशाच धरून यांच्या टेबलाभोवती उभ्या होतो. हे, म्हणजे माझे यजमान, तिथले इलेक्ट्रिशियन. मोठ्या धुण्याच्या यंत्राला नवा कॉम्प्युटर जोडायचा होता. त्याच्या मागे प्रिंटर लावायची जागा असते, तिथून तारा काढून यांनी एक पत्र्याची पेटी केली होती. कॉम्प्युटरची वीज चिमूटभर, मोटरची जीव घेणारी; दोन्हींची गाठ पडू नये म्हणून मध्ये ही पेटी. तिच्यावर आठ लाल दिवे. पाण्याचा एक, वाफेचा एक, मोटरचा एक, असे.

"नीट बघा हं," हे म्हणाले आणि कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. आठही दिवे क्षणभर एकदम लागले आणि विझले.

"अगं बाई, डोळा मारला की मेल्याने!" माझी धाकटी जाऊ म्हणाली. सगळ्या खिदळल्या.

हे हसले नाहीत. "उठताना त्याचं त्यालाच कळत नाही काय करतोय ते. तेवढ्या क्षणात मोटरही फिरणार. आणि आत कुणाचा हात असला तर?"

म्हणून यांनी पेटीशेजारी, मोटरच्या वाटेवर, किल्लीचं एक बटण बसवलं. किल्ली काढली की मोटरला वीजच नाही. मग कॉम्प्युटर किती का डोळे मारेना. किल्ली एकच. जिला यंत्रात हात घालायचा तिने ती काढून गळ्यात अडकवायची, मगच झाकण उघडायचं. ते काम जाऊचं होतं.

"भावोजींनी दागिना दिला तोही पितळेचा," ती सगळ्यांना दाखवत सुटायची.

दिवसातून दोनतीनदा वीज जायची. यंत्र मध्येच थांबायचं. जाऊ किल्ली काढून गुंतलेल्या चादरी सोडवायची, परत येऊन किल्ली लावायची, तोवर सगळं ठप्प. मी घड्या घालायला होते. चादरी उशिरा आल्या की घरी जायला उशीर. मीही कुरकुरायचेच.

एकदा जेवणाच्या सुट्टीत किल्ली माझ्याजवळ ठेवून जाऊ हातपाय धुवायला गेली. धुलाईघराचा मुकादम आला.

"वहिनी, जरा द्या ती. अशीच दुसरी करून आणतो, सगळ्यांचाच खोळंबा वाचेल. फक्त तुमच्या साहेबांच्या कानावर घालू नका. त्यांचा स्वभाव तुम्हाला मी काय सांगायचा!"

मी दिली. हसून दिली. जाऊ यायच्या आत त्याने परतही आणली.

तीन आठवड्यांनी दुपारी वीज गेली. जाऊने किल्ली काढली, गळ्यात घातली, आत गेली. वीज आली. कॉम्प्युटर आणि पेटी शेजारच्या खोलीत. मी घड्यांचा गठ्ठा घेऊन त्या खोलीच्या दारात पोचले, तेव्हा मुकादमाने दुसरी किल्ली लावून कॉम्प्युटर चालू केला होता. तो उठायला तीन मिनिटं लावतो, तोवर बाई बाहेर येईल, असा त्याचा विचार. आठही दिवे लागले, विझले.

यंत्र अर्धाच फेरा फिरलं. ओल्या चादरींच्या पिळात जाऊचा उजवा हात होता.

किंकाळी ऐकून माणसं धावली. मुकादमाने किल्ली उपसून खिशात टाकली. मी पाहिलं. मी पाहिलं हे त्यानेही पाहिलं.

चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याने सरळ विचारलं, "किल्ली बाईंच्या गळ्यात होती, तरी मोटर फिरली. मग दोष कशाचा?"

"पेटीचा," हे म्हणाले. "फिरायला नको होती. पण फिरली."

यांनी जबाबावर सही केली. मी बोलले असते तर किल्ली कुणी दिली, तेही निघालं असतं. मी घड्या घालत राहिले.

यांची नोकरी गेली. पेटी भंगारात टाकणार होते, ती हे घरी घेऊन आले. एक जुना कॉम्प्युटर मिळवला आणि मोटरच्या जागी टेबलफॅन लावला. रोज संध्याकाळी किल्ली काढायची आणि कॉम्प्युटर बंद-चालू, बंद-चालू. आठ दिवे लागायचे. फॅन एकदाही हलला नाही.

"कुठेतरी चुकलंय माझं. सापडत कसं नाही?"

"सोडा ना आता."

"तिचा हात गेलाय गं. सोडू कसं?"

मी चहा टाकायला आत जायचे. आज बोलू, उद्या बोलू करत अकरा वर्षं गेली.

मुकादम बढती घेऊन दुसऱ्या इस्पितळात गेला, निवृत्त झाला, परवा-परवापर्यंत होता. जाऊ डाव्या हाताने भाकरी थापायला शिकली. "भावोजी, तुमचा नाहीच हो दोष," असं यांना येता-जाता सांगायची. हे गेले तेव्हा सगळ्यांत जास्त रडली तीच, आणि पेटीची किल्ली मागून घेऊन गेली. मागच्या वर्षी तीही गेली. जाण्याआधी किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाली, "तुमच्याकडे असू द्या जाऊबाई, त्यांची आठवण."

फॅन अजून टेबलावर आहे. पात्यांवर धूळ बसते, मी पुसते. किल्ली माझ्याकडे आहे. दुसरीचं मला कुणी कधी विचारलं नाही.