डाव्या हाताची अनामिका

मित्रांनो, टेबलावर काडेपेटीपेक्षा जरासे मोठे, जुने, काळे यंत्र दिसले, वर काच आणि काचेखाली लाल दिवा, तर ओळखा: ते मीच. लोक मला थंब मशीन म्हणतात. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या एका सेवा केंद्रात मी नऊ वर्षे बोटांचे ठसे ओळखले. एकाचे बोट दुसऱ्याच्या नावावर कधी खपू दिले नाही, याचा मला अभिमान आहे.

एकदा मात्र माझ्या नकाराने मीच अवघडले. जीन्सच्या कारखान्यात धागे कापणाऱ्या रंजनामावशी आल्या होत्या. त्यांची मुलगी कीर्ती अकरावी विज्ञानला होती. सरकारी शिष्यवृत्ती मिळाली नाही, तर तिचे कॉलेज सुटणार होते. शिष्यवृत्तीसाठी बँकेत खाते हवे, मुलगी अल्पवयीन म्हणून खात्याला आईचा ठसा हवा, आणि मुदत त्याच संध्याकाळी संपत होती.

मावशींनी चार वेळा अंगठा ठेवला. चारही वेळा मी नकार दिला. कात्री आणि खरखरीत कापडाने त्यांच्या अंगठ्याच्या रेषाच पुसल्या होत्या. काचेवर नुसता करडा ठिपका उमटत होता.

रांगेतले भीमराव वैतागले. "मावशी, माणसानं अंगठाछाप तरी नीट असावं."

मावशी हसल्या. "शाळेत गेले नाय, म्हणून जन्मभर अंगठाछाप म्हणाले मला. आता तेपण नाय राहिले."

बाकी कोणी हसले नाही. केंद्र चालवणाऱ्या अक्षदाताईंनी माझी काच ओल्या फडक्याने पुसली आणि विचारले, "मावशी, कामात कुठलं बोट लागत नाय?"

मावशींनी हवेतच कात्री चालवून दाखवली, डाव्या चिमटीने धागा ओढला. डाव्या हाताची अनामिका त्यात कुठेच नव्हती.

ती काचेवर आली. रेषा जन्माच्या वेळी होत्या तशाच. मी हिरवा दिवा लावला.

शिष्यवृत्ती मिळाली. पुढे चेहरा ओळखणारा कॅमेरा आला आणि मी खणात धूळ खात पडले. दोन वर्षांनी कॅमेरा बिघडला, तेव्हा ताईंनी मला बाहेर काढले. समोर कीर्ती होती, आता अठरा वर्षांची, पदवीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला आलेली. अंगठ्यावर प्रयोगशाळेतला पिवळा डाग, पण रेषा एकूण एक शाबूत. ठसा पहिल्याच खेपेला उठला.

"अंगठा झाला," मावशी म्हणाल्या. "आता सही कर. मला बघू दे."

मित्रांनो, माझी काच पुसत जा. आणि कुणाचे बोट उमटले नाही, तर हसण्याआधी विचारा, ते काय काम करते.