बाबांचं पाठांतर

कागद समोर ठेवून पियानो वाजवायचा म्हणजे कुबड्या घेऊन नाचायचं, असं बाबा म्हणत. लेक किती दिवस त्यांच्या कानीकपाळी ओरडत होती, की या वेळच्या कार्यक्रमात नोटेशन समोर ठेवा, मी शेजारी बसून पानं उलटते. पण पालथ्या घड्यावर पाणी.

"जन्मभर पाठ वाजवलंय," कोटाची बटणं लावत बाबा म्हणाले. "पोरांना शिकवतेस म्हणून मलाही शिकवू नकोस."

"परवा घरी अडकलात ना?"

"घरी माणूस अडकतोच. स्टेजवर नाही."

पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. नोटेशनची पिशवी मांडीवर घेऊन ती पहिल्या रांगेत कडेला जाऊन बसली. जगाची कार्टी तिचं मुकाट ऐकत, आणि सख्खा बाप ऐकेल तर शपथ.

तिला धास्ती होती ती शेवटच्या रचनेची. त्या रचनेत एकच धून दोनदा येते. पहिल्यांदा धून संपताना हात वर चढतो आणि मधल्या भागात शिरतो. दुसऱ्यांदा तो खाली उतरतो आणि रचना संपते. दुसऱ्यांदाही हात वर गेला, की पुन्हा सगळा मधला भाग आलाच. इथे सगळेच शिकाऊ फसतात. तीही फसायची, आणि बाबा तिला फैलावर घ्यायचे.

बाबा वाजवत होते मात्र असे सुरेख, की तिला आणखीच चीड आली. धून परतली. हात वर गेला.

बाबा पुन्हा मधल्या भागात शिरले. लोक खुशाल डोलत होते; त्यांचं काय जात होतं? धून पुन्हा आली आणि हात पुन्हा वरच गेला. आता मागे कोणीतरी खोकलं, कोणी घड्याळ पाहिलं. बसा आता घाण्याला जुंपल्यासारखे फिरत, ती मनात म्हणाली, सांगितलं होतं की नाही? संतापाने तिचे कान तापले होते. तरी ती उठली, पायऱ्या चढून स्टेजवर गेली आणि शेवटचं पान त्यांच्यापुढे ठेवून बाकावर त्यांच्या शेजारी टेकली. बाबांनी पानाकडे पाहिलंही नाही. शेवटी वळण आलं तेव्हा तिने स्वतःच खालचा सूर दाबला. त्यांचा हात निमूटपणे त्यामागे उतरला. रचना संपली, आणि टाळ्या पडल्या.

आतल्या खोलीत येताच बाबा कडाडले. "कशाला वर आलीस? मधला भाग एकदाच वाजवला, आता संपतच होतं. तेवढाही दम निघाला नाही?"

चांगलं खडसवायचं म्हणून तिने तोंड उघडलं. बाबा खोटं बोलताना नेहमी नजर चुकवत. आत्ता ते सरळ तिच्याकडे पाहत होते. तिला भीती वाटली, एवढी की राग कुठे गेला तेही कळलं नाही.

"पुढच्या वेळी ते कागद आणायचे नाहीत. कळलं?"

"बरं, बाबा."

कोट काढता काढता ते थांबले. एक हात अजून बाहीतच होता.

"भांडत का नाहीस?" त्यांनी विचारलं. आवाज एकदम बारीक झाला होता. "ए, काय झालं? भांड ना."

ती पुढे झाली आणि त्यांची अडकलेली बाही सोडवू लागली.