कडेच्या रांगा

धम्मानंदच्या बोटांचा वेग असा, की तो रंग जुळवायच्या गेमला बसला म्हणजे परभणीच्या त्याच्या कचेरीतला पंखासुद्धा शरमून हळू फिरायचा. समोर अर्जदार ताटकळलेले आणि हा मोबाईलवर एका रंगाचे चार गोळे जुळवण्यात दंग. गोळे फुटले, की पलीकडच्या खेळाडूच्या डावात दगड कोसळायचे!

पलीकडचा खेळाडू म्हणजे पालमला एकटे राहणारे त्याचे वडील, किशनराव. आई गेल्यावर ते म्हणाले होते, "करमत न्हाई रे." तेव्हा यानंच त्यांच्या मोबाईलमध्ये हा गेम टाकून दिला. मग फोन करणं सुटलं, पालमला जाणं सुटलं. कुणी विचारलंच तर उत्तर तयार, "आप्पा मस्त हायेत. रोज एक डाव खेळतेत की!"

गेलं वर्षभर आप्पा रोज हरत होते. दोन्ही कडेच्या रांगांना ते हातच लावत नसत. तिथं दगड साचत जायचे आणि डाव खलास! हा लगेच लिहून पाठवायचा, 'हरलात आप्पा!'

एका दुपारी आप्पांच्या शेजारच्या सरजाबाईंचा फोन आला. "तुझ्या आप्पाला डोळ्याच्या दवाखान्यात आणलंय, परभणीलाच. स्टँडवर उभ्या एसटीला धडकले. एसटी केवढी असती बाबा!"

धम्मानंद धावतच पोचला. डॉक्टर म्हणाले, "काचबिंदू आहे. हा कडेकडून नजर खात येतो. गेलेली परत येत नाही. लवकर आणलं असतं तर बरीच वाचली असती."

कडेकडून! त्या साचलेल्या रांगा धम्मानंदनं वर्षभर रोज पाहिल्या होत्या.

"बाप का हरायलाय, एवढं इचारावं वाटलं न्हाई तुला?" सरजाबाईंनी विचारलं.

"वाटलं, वय झालं, मावशी."

"वय झालं म्हणूनच इचारायचं असतं! माझं मांजर दोन दिस दुधाला आलं न्हाई, तर मी गल्लीभर हुडकत फिरते."

धम्मानंद वडिलांकडे वळला. "आप्पा, मला सांगितलं का न्हाई?"

किशनराव आवाजाच्या रोखानं हसले. "सांगितलं असतं तर तू गेम बंद केला असतास. रोज तुझं 'हरलात आप्पा' यायचं. एकेक अक्षर हुडकून वाचायचो. तुझ्याकडून तेवढंच तर येत होतं, बाबा."

धम्मानंद लहान लेकरासारखा रडला.

मंडळी, मोबाईलवर आपलं माणूस दिसतंय म्हणजे ते बरं आहे, असं समजू नका. ते हरायला लागलं, तर आपली जीत बाजूला ठेवून आधी त्याच्या दारात जा. धम्मानंद आता दर शनिवारी पालमला जातो, आप्पांच्या अगदी समोर बसतो. जरा बाजूला सरकला, तर आप्पा विचारतात, "गेलास का रे?"