कुलिबालीला खरं कोण सांगणार

लासिने कुलिबाली बाकोदुगूच्या एकुलत्या एका हॉटेलच्या फाटकातून आत आला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते, आणि त्याची बायको तिथून जाऊन जेमतेम दोन तास झाले होते. ही बातमी त्याला फाटकातच सांगण्यात आली. त्याने ती ऐकली, पोट धरून हसला आणि खोली मागितली.

यात त्याची चूक होती असं म्हणणं कठीण आहे. सांगणारी बाई आडनावाने केता होती. या दोन कुळांचं नातं पिढ्यानपिढ्या थट्टेचं: केता आणि कुलिबाली समोरासमोर आले की एकमेकांना गुलाम म्हणतात, एकमेकांच्या आजोबांना बाजारात विकतात आणि राग धरत नाहीत. राग धरला तर लोक नावं ठेवतात. त्यातून कुलिबाली म्हणजे चवळी खाणारी जात, असं सगळ्या मुलखाने एकमताने ठरवून ठेवलेलं आहे, आणि चवळीचे परिणाम कोणाला सांगावे लागत नाहीत. त्यामुळे कुलिबालीला केताच काय, येणाराजाणाराही बोलून घेतो. बावन्न वर्षांच्या आयुष्यात लासिनेला पोस्टात, बसमध्ये, एकदा तर दवाखान्यात सुई टोचता टोचताही चवळीवरून बोलणी बसली होती. तो त्यावरच लहानाचा मोठा झाला होता.

हॉटेलची मालकीण नान्तेनें केता साठीची होती. फाटकाशी दोरीच्या खुर्चीत बसून ती सगळा कारभार हाकायची. खुर्चीतून उठायची ती फक्त नमाजाला, कारण गुडघे गेले होते.

"नाव?" तिने वही उघडली.

"लासिने कुलिबाली."

"या अल्ला! माझ्याकडे आठ खोल्या आहेत, आणि प्रत्येक खोलीला खिडकी एकच. आधी सांग, काल रात्री काय खाल्लंस?"

"तुझ्या बापाने वाढलं ते. आमच्या घरी वाढायला केताच असतात."

"बरोबर आहे, चवळीची भांडी तुमच्यापासून लपवायला कोणीतरी शहाणं माणूस लागतंच. धंदा?"

"सेगूला असतो. शेतकी खात्यात कारकून."

नान्तेनेंने वहीत धंद्याच्या रकान्यात 'चवळी' असं लिहिलं आणि सही घेतली.

लासिनेला इतकं बरं वाटलं की सांगायची सोय नाही. तीन आठवडे त्याच्याशी घरात कोणी धड भांडलंही नव्हतं. बायको, वोरोकिया, तीन आठवड्यांपूर्वी इथे माहेरी भावाकडे आली होती. तिची आई वारली होती, तिचा चाळिसावा दिवस होता. लासिने येणार होता. पण नेमकं त्याच दिवशी खात्याने युरियाची पोती कशी रचावीत यावर शिबिर ठेवलं, आणि जेवणासकट शिबिर असलं की लासिनेला कर्तव्याची जाणीव फार तीव्रतेने होते. वोरोकिया एकटी आली. ती परत गेलीच नाही. शेवटी मेव्हण्याचा निरोप आला, गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर या. भांडण मिटेपर्यंत सासुरवाडीत पथारी टाकायची नसते, म्हणून हॉटेल. आज घडी बसली नाही तर ती पुन्हा बसणार नाही, एवढं त्याला कळत होतं.

"हसतोस काय?" नान्तेनें म्हणाली. "खरंच आली होती. उंच, डोक्याला निळं फडकं, बोलणं मोजकं. भात देत होते तर नको म्हणाली, पाणी प्यायली. म्हणाली, 'भावाच्या घरी मला बोलता यायचं नाही. तिथे सगळे शांती-शांती करत बसतात. त्यांना सांगा, चारचा तराफा आहे. त्याआधी घाटावर आले तर बोलू. नाही तर मी पलीकडे जाते.'"

"आणि रडली असेल."

"छे! नाचली. म्हणाली, सुटले बाई त्या वासातून."

"बघ!" लासिने आनंदाने म्हणाला. "शेवटी शेवटी तुला राहवलं नाही."

बरोबरच होतं त्याचं. इस्त्रीचा पायघोळ अंगरखा, हातात समेटाला नेतात ती कोलाच्या फळांची पुडी आणि एकटा पन्नाशीचा पुरुष. असा कुलिबाली दिसला तर बायको रुसली आहे हे ओळखायला केताला काय मेहनत पडते? निळं फडकं तर निम्म्या बायकांच्या डोक्याला असतं.

अंगणात कडुलिंबाखाली सायकलींचे सुटे भाग विकणारा एक फिरता माणूस चहा उकळत बसला होता. देंबेले त्याचं नाव. तो म्हणाला, "आली होती हो. मी पाहिलं ना. मला म्हणाली, माझा नवरा येईल, वाऱ्याच्या दिशेला बसू नका."

यावर तिघेही हसले. लासिने खोलीत गेला. खोलीत खाट होती, ठिकठिकाणी गाठी मारून भोकं बुजवलेली मच्छरदाणी होती, बादली, पट्ट्यापट्ट्यांची प्लास्टिकची किटली आणि भिंतीत एक खिळा. लागतं ते सगळं होतं आणि नसतं ते नव्हतं. अंगरखा खिळ्याला अडकवून तो आडवा झाला. हॉटेल चांगलं आहे, असं त्याचं मत झालं.

दुपारच्या नमाजानंतर तो मेव्हण्याकडे गेला. झुमाना बायकोचा थोरला भाऊ. थोरल्या मेव्हण्याची थट्टा करायची नसते, त्याच्या डोळ्यांत बघायचं नसतं आणि त्याला काही थेट विचारायचं नसतं. त्यानेही जावयाला थेट काही सांगायचं नसतं. हे नातं आदराचं आहे.

"घरचे बरे?" झुमानाने विचारलं.

"शांती आहे, दादा."

"शेजारी?"

"शांती."

"कचेरी?"

"शांतीच."

"गाईगुरं?" लासिनेकडे गाईगुरं नव्हती. "शांती," तो म्हणाला.

मग लासिनेने विचारायला सुरुवात केली, आणि झुमानाकडची शांती त्याला पुरी पंधरा मिनिटं पुरली. कोलाची पुडी त्याने दोन्ही हातांनी पुढे केली, झुमानाने दोन्ही हातांनी घेतली. घरात वोरोकियाचा आवाज येत नव्हता. तिची चप्पलही दारात नव्हती. लासिनेने जमिनीकडे बघत चपलांवरून दोनदा नजर फिरवली.

"दादा, आपल्या घरातली सगळी... सगळी माणसं बरी आहेत ना?"

"जी आहेत ती बरी आहेत," झुमाना म्हणाला.

"आणि जी नाहीत ती?" असं विचारणं म्हणजे थेट विचारणं झालं असतं.

"हॉटेलात सोय ठीक आहे ना, कुलिबाली?"

"उत्तम आहे, दादा."

"तिथली मालकीण भली बाई आहे. तिच्याशी बोलणं झालं असेल."

"झालं. फारच विनोदी आहे."

झुमानाने त्याच्याकडे बघायचं नसतं, तरी बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "तुम्ही आता लवकर परत जा. ऊन फार आहे."

ऊन होतं हे खरं, पण ते परत जातानाही लागणारच होतं. घडी बसवायला बोलावलेल्या जावयाला अर्ध्या तासात उन्हात का पिटाळलं, हे कोडं लासिनेला रस्ताभर सुटलं नाही. घडी बसली? मोडली? की ही घडी बसवण्याचीच रीत होती? पुडी तर घेतली. मग बायको का दाखवली नाही? तो हॉटेलच्या फाटकाशी पोहोचला तेव्हा देंबेलेचा दुसरा चहा उतरत होता आणि सव्वातीन झाले होते.

"अजून इथेच?" नान्तेनें म्हणाली. "माझं हॉटेल एवढं आवडलं? अरे गुलामा, तुझी बायको घाटावर बसली आहे."

लासिने या वेळी हसला नाही. तो तिच्यासमोर ओट्यावर बसला.

"केताबाई, एकदाच खरं सांग."

कुलिबालीने केताकडे खरं मागावं, असं त्या अंगणात आधी कधी झालं नव्हतं. नान्तेनें स्वतःही गोंधळली. ती कुलिबालीशी सरळ कधी बोललीच नव्हती, ते कसं करतात हे तिला ठाऊक नव्हतं. तिने पदर सारखा केल्यासारखं डोक्यावरचं फडकं नीट केलं, चेहरा गंभीर केला, आवाज खाली आणला आणि म्हणाली, "कुलिबाली. तुझी बायको. चारच्या तराफ्याने. जाणार आहे."

देंबेलेला हसू इतकं फुटलं की चहा त्याच्या मांडीवर सांडला.

"अगदी मौलवी!" तो म्हणाला. "केताबाई, पुन्हा एकदा करा!"

"मेल्या, मी खरं बोलतेय!"

"तेच, तेच! तेच करा!"

लासिनेचं डोकं गरगरायला लागलं. ही खरं बोलत असेल तर देंबेले का हसतो? खोटं बोलत असेल तर मेव्हण्याने तिचं नाव का काढलं? की मेव्हणाही सामील आहे? छे, थोरला मेव्हणा थट्टा करत नाही. पण मग तो बोललाच काय होता? ऊन फार आहे, एवढंच. आणि समजा, आपण चालत मैलभर घाटावर गेलो, तिथे कोणी नाही, आणि मागे वोरोकिया भावाकडे परत येऊन बसली असली तर? बाकोदुगूत पुढची दहा वर्षं घाटावर धावलेल्या कुलिबालीची गोष्ट सांगतील. सांगोत. पण ती तेवढ्यात पुन्हा उठून गेली तर?

रस्त्यावरून जाणाऱ्या पाणीवाल्याला त्याने विचारलं, "काय हो, घाटावर डोक्याला निळं फडकं बांधलेली बाई दिसली का?"

"तुमचं नाव?" पाणीवाल्याने विचारलं.

लासिनेने नाव सांगितलं. त्याच्या आयुष्यातली ती मोठी चूक होती.

"दिसली की," पाणीवाला खुलून म्हणाला. "चवळी निवडत होती."

साडेतीन वाजले. तेव्हा लासिनेला एक गोष्ट आठवली. केता कुलिबालीला काय वाट्टेल ते बोलेल, पण कुलिबालीने काही मागितलं तर केताला नाही म्हणता येत नाही. तो उठून तिच्यापुढे उभा राहिला.

"केताबाई, मला एक हवंय. माझ्याबरोबर घाटावर चल. आत्ता."

थट्टा असती तर ती म्हणाली असती, आधी मला पाठीवर घे. गाढव माग. माझ्या गुडघ्यांना विचार. लासिने त्यातल्या एखाद्या उत्तराची अगदी जिवापाड वाट बघत होता.

नान्तेनेंने वही मिटली, ती मांडीवरून खाली ठेवली, खुर्चीच्या हातांवर जोर दिला आणि कण्हत उठली. छत्री घेतली. "देंबेले," ती म्हणाली, "फाटक बघ."

देंबेलेने किटली खाली ठेवली. तो हसत नव्हता. नमाजाची वेळ नव्हती आणि बाई उठली होती.



मैलभर वाट. नान्तेनेंचा डावा गुडघा दर चार पावलांना थांबायचा, आणि तिला टाकून पळणं लासिनेला जमेना, कारण तिच्याशिवाय आपण तिथे जाऊन काय बोलणार हे त्याला ठाऊक नव्हतं. ती सबंध वाटेत त्याला एक शब्द बोलली नाही. यापूर्वी एखादी केता त्याच्याशी इतका वेळ गप्प राहिली नव्हती. त्याला फार भीती वाटली.

घाटावर वोरोकिया दोन गाठोड्यांशेजारी बसली होती. डोक्याला निळं फडकं. तराफा पलीकडून अर्ध्यावर आला होता.

"तुम्ही आलात," ती म्हणाली. आनंद नाही, राग नाही. खात्यात आवक-जावक नोंदवतात तसं.

"मला वाटलं थट्टा आहे."

"सकाळी आठला सांगून ठेवलं होतं मी."

"अगं, सांगणारी केता होती! केताचं कोण खरं धरतं? तूच सांग."

वोरोकियाने त्याच्याकडे बघितलं. "आईच्या चाळिसाव्याला या म्हणून मी तुम्हाला चार वेळा सांगितलं. तेव्हा सांगणारी कोण होती? मी काय केता आहे?"

लासिनेने नान्तेनेंकडे पाहिलं. इथे एखादी चवळी चालली असती. चवळीवर दोघी हसल्या असत्या, तोही हसला असता आणि वेळ निभावून गेली असती. नान्तेनें छत्री मिटून नदीकडे बघत उभी होती.

"नाही," तो म्हणाला. "तू केता नाहीस."

"मग?"

"मग काही नाही. शिबिरात जेवण होतं." त्याने थोडा विचार केला. "ते चांगलंही नव्हतं."

हे सांगून आपण घडी बसवली की मोडली, हे त्याला कळलं नाही. वोरोकियाच्या चेहऱ्यावरूनही काही कळेना. तराफा काठाला लागला. पलीकडच्या काठावर दोन गाड्या उभ्या असतात, डावीकडची सेगूला जाते, उजवीकडची न्यासोला. न्यासोला वोरोकियाची बहीण राहते.

वोरोकिया उठली आणि एक गाठोडं घेऊन तराफ्यावर चढली. दुसरं काठावरच राहिलं. ते तिने विसरून ठेवलं, त्याच्यासाठी ठेवलं की नुसतं जड होतं म्हणून ठेवलं, हे विचारायला वेळ नव्हता. लासिनेने ते उचललं आणि तिच्यामागे चढला. त्याची पिशवी हॉटेलात होती, खोलीची किल्ली खिशात होती.

"किल्ली!" काठावरून नान्तेनें ओरडली.

"आणून देतो!"

"कधी?"

तराफा सुटला. तराफेवाला बांबू रोवत मागे आला, वोरोकियाशेजारचं गाठोडं त्याने पायाने आत सरकवलं, मग दुसरं गाठोडं छातीशी धरून उभ्या असलेल्या लासिनेकडे हनुवटीने खूण केली.

"बाई, हेही तुमचंच का?"

वोरोकियाने वळून त्याच्याकडे बघितलं.

"राहू दे," ती म्हणाली. "उतरताना बघू."

तराफेवाला हसला. लासिनेही हसायला निघाला होता, पण हसायचं की नाही हे ठरेना. मग तो गाठोडं मांडीवर घेऊन तिच्यापासून हातभर अंतरावर बसला आणि पलीकडच्या दोन गाड्यांकडे बघत राहिला.