मोराच्या मागची कविता

मी 'सागरगोटे' बोलतोय. हसू नका. फरशीवर बसून मुली उडवतात ते सागरगोटे मी नव्हे. त्या नावाचं मुलींचं एक मासिक पुण्याहून निघायचं, त्याच्या एका वर्षाच्या अंकांचा मी बांधीव खंड. वरून लाल खणाचं कापड, आत पिवळी पडलेली पानं, आणि एका पानाला चौकोनी भोक. हे भोक उंदरांनी पाडलेलं नाही. तसं असतं तर मी एवढं मनाला लावून घेतलं नसतं.

मी सुटा सुटा जन्मलो, महिन्याला एक अंक. पोस्टाचं तिकीट लावून दिल्लीला यायचो. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरांत दोन मराठी घरं शेजारी शेजारी होती. एका घरात उल्हासराव, सुमित्राबाई आणि त्यांची केतकी. दुसऱ्यात दत्तात्रयराव, प्रभाबाई आणि त्यांची देविका. दोघे बाप केंद्र सरकारच्या नोकरीत. दोन्ही मुली चौथीत. दोन घरांत मिळून वर्गणी एकच, म्हणजे मीही एकच.

वर्गणी भरायचा हट्ट सुमित्राबाईंचा. "पोरी दिवसभर हिंदीत बोलतात, शाळेत इंग्रजी. उद्या आजीचं पत्र आलं तर वाचायला माणूस शोधायचा का?" असं त्यांनी नवऱ्याला ऐकवलं होतं. तेव्हा औषध म्हणून मला आणलं. मुलींनी मात्र मला खाऊसारखं फस्त केलं.

उन्हाळ्याच्या दुपारी कूलरसमोर चटई टाकून दोघी पालथ्या पडायच्या आणि मी मध्ये. केतकी पानं भराभर उलटायची. देविका एकेक अक्षर चघळायची. "थांब ना यार! मेरा अभी हुआ नहीं," ती ओरडायची, आणि माझा एक कोपरा हिच्या हातात, दुसरा तिच्या. मग आतून सुमित्राबाई, "मराठीत भांडा गं!" म्हणून हाक द्यायच्या.

माझ्या शेवटच्या पानावर 'गुप्तहेर गोदू' ही चित्रकथा असायची. दोन वेण्यांची गोदू स्वयंपाकघरातला झारा घेऊन चोरांच्या मागे धावायची. ती वाचून झाली की दोन्ही घरचे झारे गायब व्हायचे.

शब्दही अडायचे. "काकू, ओसरी मतलब?" देविका विचारायची. सुमित्राबाई म्हणायच्या, "व्हरांडा समज." मग केतकी, "आणि परसदार?" त्या क्वार्टरला मागे धुणं वाळत घालायची एक बोळकांडी होती, सुमित्राबाईंनी तिकडे बोट दाखवलं. पुढे कित्येक दिवस मुली त्या बोळाला मोठ्या ऐटीत परसदार म्हणत होत्या.

दोन घरांत एक भिंत सामाईक होती. दुपारी आया आडव्या झाल्या, की मुलींना बाहेर जायची बंदी. मग एकीनं भिंतीवर टकटक करायची, दुसरीनं उत्तर द्यायचं. बोलणं काहीच नाही, नुसतं टकटक. त्या भिंतीवर देविकानं चार ओळींची कविता केली. प्रभाबाईंनी ती कुणालाही न सांगता मासिकाला पाठवली, आणि ती छापून आली! 'मैत्रिणींचं पान' या सदरात, खाली नाव: देविका, इयत्ता चौथी, नवी दिल्ली.

त्या दिवशी प्रभाबाईंचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. शिऱ्याची वाटी आणि मला घेऊन त्या गल्लीभर फिरल्या. शेजारच्या पंजाबी, बंगाली बायकांनी कौतुकानं मला हातात घेतलं. ज्यांना हिंदी वाचता यायचं त्या कविता घडाघडा वाचून दाखवत, अर्थ मात्र कुणालाच लागत नसे. "बहुत सुंदर, बहनजी," म्हणून शिरा संपवत. केतकीनं तर ती कविता इतक्यांदा मोठ्यानं म्हटली, की जणू तिचीच होती. एका अर्थानं होतीही. भिंतीपलीकडची मुलगी तीच ना.

वर्ष संपल्यावर प्रभाबाईंनी मला बांधलं. मैद्याची खळ शिजवली, दाभणानं भोकं पाडली, दुहेरी दोऱ्यानं टाके घातले आणि ओटीत आलेला एक लाल खण वरून चिकटवला. खरं सांगतो, तेवढं देखणं मला छापखान्यातही वाटलं नव्हतं.

आता हा खंड कुणाचा? दोघींनी आकांडतांडव केलं. शेवटी सुमित्राबाईंनी निवाडा दिला, "सहा महिने केतकीकडे माहेरी, सहा महिने देविकाकडे सासरी." मुलींना ते भलतंच आवडलं. जुलै लागला की माझी पाठवणी व्हायची. खणाला हळदकुंकू, हातावर साखर, आणि डोळे पुसायचं नाटक. जानेवारीत पुन्हा तसंच उलटं. अशी सासर-माहेर करणारी पुस्तकं दिल्लीत दुसरी नसावीत.

मग वारं बदललं. गच्चीगच्चीवर डिशच्या छत्र्या उगवल्या. उल्हासरावांनी ज्या सोसायटीत नाव घातलं होतं, तिचे मयूर विहारचे फ्लॅट तयार झाले आणि केतकीचं घर क्वार्टर सोडून यमुनेपार गेलं. होळीच्या सुमाराची गोष्ट, म्हणजे मी तेव्हा माहेरी होतो. केतकी ट्रकमध्ये बसताना देविका तिला म्हणाली, "जुलैमध्ये पाठवणी करायला विसरायचं नाही हं." "पागल आहेस का? मी स्वतः आणून देईन," केतकी म्हणाली. ते तिनं अगदी मनापासून म्हटलं होतं.

नव्या घरात काचेचं शोकेस होतं. त्यात इंग्रजी ज्ञानकोशाचे जाडजूड भाग बसले. केतकीची शाळा बदलली, टेबलावर इंग्रजी कॉमिक्सची चळत आणि गुळगुळीत मासिकं आली. माझ्यावर कुणी रागावलं नव्हतं, पण मला कुणी उघडतही नव्हतं. खणाचं कापड शोकेसमध्ये शोभत नाही, म्हणून मी कपड्यांच्या कपाटात गेलो.

उन्हाळ्याची सुट्टी संपायला आली आणि केतकीला आठवलं, हॉलिडे होमवर्कचा एक चार्ट राहिलाय. विषय राष्ट्रीय पक्षी. त्या नव्या वस्तीत तेव्हा धड बाजार नव्हता. स्टेशनरीचं जे एक दुकान होतं, त्यातले मोराचे कागद सगळ्या मुलांनी मिळून संपवले होते. उल्हासराव म्हणाले, "घरात आहे त्यात भागव बेटा, उद्या शाळा आहे." तेव्हा तिला मी आठवलो. माझ्यात चौकटीतला मोठा रंगीत मोर होता.

तिनं कात्री घेतली. कड नीट धरून, जीभ दाताखाली दाबून, मोर अगदी सुबक कापला. मग गोंद लावायला तो उलटा केला, आणि थबकली.

मागे देविकाची कविता होती.

मी श्वास रोखून पाहत होतो. अजूनही काही बिघडलं नव्हतं. चिकटपट्टी लावून तो तुकडा परत जागेवर बसला असता. तिनं तो तुकडा भोकावर एकदा ठेवून पाहिला. मग पुटपुटली, "चार्ट परत मिळेल ना, तेव्हा पाणी लावून काढून घेईन." आणि देविकाच्या नावावरून गोंदाचा ब्रश फिरवला.

चार्टला शाबासकी मिळाली. तो वर्गात लागला, आणि एक दिवस भिंती रंगवताना कुणीतरी काढून टाकला. केतकीनं टीचरना विचारलं, कपाटामागे शोधलं, शिपायालाही विचारलं. हात हलवत घरी आली आणि स्टुलावर चढून मला माळ्यावर, गाद्यांच्या मागे सारून टाकलं. तोवर जुलै उलटून गेला होता. पाठवणी झाली नाही.

पावसाळा सरता सरता देविका आईवडिलांबरोबर घर बघायला आली. दत्तात्रयरावांची बदली नागपूरला झाली होती. मोठी माणसं चहा घेत होती. देविका केतकीच्या खोलीभर नजर फिरवून म्हणाली, "काय मस्त आहे गं तुझी रूम! आणि आपली सागरगोटे? माझे सहा महिने चालू आहेत. नागपूरला घेऊन जाते."

केतकीनं वर पाहिलं नाही. "ती शिफ्टिंगमध्ये हरवली."

दारातून बिस्किटं घेऊन येणाऱ्या सुमित्राबाई म्हणाल्या, "हरवली? अगं, परवाच तर..." मग त्यांनी लेकीचा चेहरा पाहिला आणि बिस्किटांची बशी पुढे केली. आईनं लेकीला पाठीशी घातलं. त्यांचं चुकलं, असं मी आजही म्हणेन.

देविकानं एक बिस्कीट घेतलं. खाल्लं नाही. जाताना तिनं एकदा वर माळ्याकडे पाहिलं. मला वाटलं, सहज पाहिलं असेल.

नंतर नागपूरहून एक भेटकार्ड आलं. केतकीनं उत्तर लिहायला घेतलं आणि अर्ध्यावर सोडलं. पुन्हा कार्ड आलं नाही. 'सागरगोटे' मासिकही बंद पडलं. मुलींना आता दुसरंच वाचायला हवं होतं, आणि त्यात मुलींचा तरी काय दोष? मी माळ्यावर पडून होतो. दर दिवाळीला सुमित्राबाई मला खाली घ्यायच्या, फडक्यानं पुसायच्या आणि परत ठेवायच्या. केतकीच्या लग्नानंतर मात्र त्यांनी मला तिच्या सामानात घातलं. "तुझं आहे ते. तुझं तू बघ," एवढंच म्हणाल्या.

असा मी दिल्लीतल्याच द्वारका वस्तीत, केतकीच्या घरी आलो आणि पलंगाच्या पेटीत, रजयांखाली राहिलो. एकदा थंडीसाठी रजया काढताना केतकीच्या मुलीला, अनुष्काला, मी सापडलो. ती मला चाळता चाळता ओरडली, "मम्मा, इस पेज में खिड़की है!" आणि भोकातून बोट घालून हलवायला लागली. केतकीनं मला तिच्या हातातून काढून घेतलं. मग कितीतरी वेळ मला मांडीवर घेऊन बसली. त्याच आठवड्यात तिनं महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीनं देविकाचा नंबर मिळवला.

देविका ऑफिसच्या कामाला दिल्लीत आली तेव्हा मेट्रोनं द्वारकेला आली. कानाजवळचे केस पांढरे, बोलणं पक्कं नागपुरी. "काहून गं, एवढ्या वर्षांनी?" म्हणून तिनं केतकीला मिठी मारली. मग चहा, मुलंबाळं, इकडचं तिकडचं. पोहे निवून गेले तरी केतकीची हिंमत होत नव्हती. शेवटी देविकाच म्हणाली, "आई गेली मागच्या वर्षी."

"प्रभाकाकू? मला कळलंच नाही गं."

"शेवटी सारखी म्हणायची, 'देवी, तुझी ती भिंतीची कविता म्हण ना.' मला पहिल्या दोनच ओळी येत. 'तिची नि माझी भिंत एकच, इकडे मी अन् तिकडे ती.' पुढचं मी काहीबाही जुळवून म्हणायची. तिला बरोब्बर कळायचं. 'असं नव्हतं ते,' म्हणायची, आणि तोंड फिरवायची."

केतकी उठली आणि तिनं मला आणून देविकाच्या मांडीवर ठेवलं. देविकाचा हात आधी खणावरून फिरला. मग तिनं ते पान उघडलं. भोकातून पुढच्या पानावरची शेंगदाण्याच्या चिक्कीची कृती दिसत होती.

"मी कापलं," केतकी म्हणाली. "चार्टसाठी. मागे तुझं नाव आहे हे दिसलं होतं मला. तरी चिकटवलं. म्हणून हरवली म्हणाले."

देविकानं पान मिटलं. मग म्हणाली, "हरवली नव्हती, हे मला तेव्हाच माहीत होतं. माळ्यावर गाद्यांच्या फटीतून हा लाल खण दिसत होता. मला वाटलं, मला द्यायचीच नाही तुला. तुझी नवी शाळा, नवी रूम. मला वाटलं, तुला माझी लाज वाटते."

"तुझी नाही गं. माझी मला वाटत होती."

"हे तेव्हा बोलली असतीस तर? कविता आपण परत लिहून काढली असती, केतकी. तेव्हा दोघींना पाठ होती."

खरं होतं ते. त्या वयात पाठ केलेलं जिभेवरच असतं. पण आता दोघी कपाळाला हात लावून बसल्या होत्या. "मी टकटक..." केतकीनं सुरू केलं आणि अडखळली. पुढचं तिलाही येईना. मी तिथेच, दोघींच्या मध्ये, अगदी पूर्वीसारखा. मला सगळी येत होती.

निघताना केतकीनं मला पुढे केलं. "तुझी पाळी आहे. ने ना." देविकानं पाठीवरचे टाके बोटानं चाचपले. "आईचा एक टाका सुटला नाही बघ," म्हणाली. मग मला परत दिलं. "राहू दे. हे भोक घरी नेऊन मी काय करू?" लिफ्टचं दार लागलं. त्यानंतर तिचा फोन आलेला नाही. केतकी करते, ती चार शब्द बोलते आणि कामात आहे म्हणून ठेवते.

आता मी उघड्या फळीवर आहे. अनुष्का अडखळत का होईना, गुप्तहेर गोदू वाचते आणि 'ओसरी'ला अडते. कधी कधी केतकी मला उघडते, त्या पानाशी थांबते, तिचे ओठ हलतात आणि थांबतात. मी जिवाच्या आकांतानं सांगत असतो. पण माझा आवाज तिच्यापर्यंत पोचत नाही. तुमच्यापर्यंत पोचतोय, तर एवढं करा. यांच्यापैकी जी आधी भेटेल तिला या ओळी म्हणून दाखवा, आणि दुसरीला फोन लावायला सांगा.

तिची नि माझी भिंत एकच,
इकडे मी अन् तिकडे ती.
मी टकटकले, ती टकटकली,
मग कशाची मला भीती?