मच्छी निसटू नये म्हणून

डोळे मिटा पाहू जरा. मूल शहराजवळचं एक गाव, गावाला लागून मोठा तलाव. तलावात जाळं पसरलंय आणि दोन डोंग्यांतली माणसं बांबूनं पाणी बडवत मच्छी जाळ्याकडे हाकताहेत. पुढच्या डोंग्याच्या टोकाशी दहा वर्षांची करिष्मा जर्मनच्या गंजावर, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्यावर, काडी वाजवतेय. ऐकू येतंय? ठक, ठक, ठक.

तिच्या ठेक्यावर सगळे बांबू एकदम पडतात. ठेका तुटला की मच्छीला वाट मिळते. मग तिचा आजा लटारू रागावत नाही, नुसता रिकाम्या जाळ्याकडे बघतो. करिष्माला तेच जास्त लागतं.

एका दुपारी आजाच्या बीपीच्या गोळ्या आणायला ती दवाखान्यात गेली, तर डॉक्टर रुपाली जमिनीवर गुडघे टेकून भाताच्या तणसानं भरलेलं पोतं दाबत होत्या. करिष्मा फिसकन हसली. डॉक्टरबाईही हसल्या आणि घाम पुसत त्यांनी तिला समजावलं. माणूस अचानक कोसळला, हाकेला ओ देईना, नीट श्वास घेईना, तर एकशे आठला फोन लावायचा आणि गाडी येईपर्यंत त्याची छाती अशी जोरात, भरभर दाबत राहायची. थांबलेल्या हृदयाचं काम तेवढा वेळ आपल्या हातांनी करायचं.

डॉक्टरबाईंना हे सारं पाठ होतं. लेखी परीक्षेत त्यांचा एकही गुण गेला नव्हता. पण प्रशिक्षणातल्या प्लास्टिकच्या पुतळ्याचा, छाती बरोबर दाबली तरच लागणारा हिरवा दिवा त्यांच्या हातून काही टिकेना. आधी घाई व्हायची, मग दम लागायचा, मग थांबून घड्याळ बघायच्या. शुक्रवारी पुन्हा परीक्षा होती. नापास होण्याचं त्यांना फारसं वाटत नव्हतं. मोठं हॉस्पिटल तासाभरावर होतं, आणि उद्या खरंच कुणी समोर कोसळलं तर हात चालतील का, ही धास्ती होती.

त्यांनी पुन्हा दाबायला घेतलं. करिष्मानं थोडा वेळ ऐकलं, मग तिला राहवेना.

"बाई, तुमची सारी मच्छी निसटून राह्यली."

"कोणती मच्छी गं?"

"तुमी मंधातच थांबता ना. थांबलं का मच्छी मांगं पळते. मंग पयल्यापासून हाकला लागते."

डॉक्टरबाई पोतं सोडून मागे टेकल्या. पुस्तकातही हेच होतं. हात थांबले की रक्ताचा जोर ओसरतो आणि तो पुन्हा चढायला वेळ लागतो. त्यांनी ते दहादा वाचलं होतं, कळलं मात्र आज.

करिष्मानं स्टीलचा ट्रे उचलला आणि पेन्सिलीनं ठेका धरला. नर्स सत्यशीलाबाईंनी घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला एकशे दहा. पुस्तकाला शंभर ते एकशे वीस हवे होते.

मग रोज शाळा सुटली की दवाखान्यात ठकठक सुरू. पोतं माणसासारखं दिसावं म्हणून करिष्मानं घरून जुना सदरा आणून त्याला घातला. एकदा लटारूआजा गोळ्या न्यायला आला आणि दारातच थबकला.

"बाई, माह्या सदऱ्याले काय बिमारी झाली?"

त्या दिवशी अर्धा तास सराव झालाच नाही.

शुक्रवारी परीक्षक डॉक्टर भूपेश पुतळा घेऊन आले. आवाज करायची मनाई होती, म्हणून करिष्मा खिडकीबाहेर ट्रे छातीशी धरून गप्प उभी राहिली. डॉक्टरबाईंनी कोपरं ताठ केली. हिरवा दिवा लागला. टिकला. दीड मिनिटानं त्यांचे खांदे भरून आले आणि दिवा लुकलुकला. पण डॉक्टरबाईंनी घड्याळाकडे पाहिलं नाही. त्या स्वतःशीच पुटपुटू लागल्या, "ठक, ठक, ठक." दिवा पुन्हा हिरवा झाला आणि दोन मिनिटं संपेपर्यंत हलला नाही.

भूपेश डॉक्टरांनी पास म्हणून सही केली आणि विचारलं, ही ठकठक कोणत्या पुस्तकातली? डॉक्टरबाईंनी खिडकीकडे बोट दाखवलं.

भूपेश डॉक्टरांनी करिष्माला आत बोलावलं. तुलाही शिकायचं का, म्हणाले.

करिष्मानं ट्रे आणि पेन्सिल डॉक्टरबाईंच्या हातात दिली. "आता तुमी वाजवा. मंधात थांबू नका," असं बजावून ती पुतळ्याशेजारी गुडघ्यांवर बसली, हातावर हात ठेवला आणि कोपरं ताठ केली.